लहान मुलांचा घरचा अभ्यास
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



 मी काही शिक्षणशास्त्राची पंडित नव्हे. साताऱ्याच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या शाळांतून ३१ वर्षे पहिली ते चौथीची मुले शिकवली, घरी दोन लेकरे वाढवली आणि आता नातवंडांत रमले आहे. तेव्हा मी जे सांगणार आहे ते घरगुतीच आहे. ते गोड मानून घ्यावे.

आजचा विषय मला चिटणीसबाईंनी विचारला तेव्हा मी लगेच सांगितला. कारण तो मला आधीच आपल्या आळीतल्या एका बाईने दिला होता. ती घरोघर भाकरी करून पोचवते. गेल्या पावसाळ्यात एक दिवस ती दारात थांबली आणि म्हणाली, ''बाई, पोरगा तिसरीत गेला. शिकवणीला महिन्याचे सहाशे मागतात. भरू का? घरी मी काय शिकवणार? मला तर अक्षर ओळखत नाही.''

मी तिला सहज विचारले, ''आज किती भाकरी गं?'' ती म्हणाली, ''बेचाळीस. वकिलांकडे सहा, डॉक्टरांकडे आठ, वरच्या आळीत दहा आणि मेसमध्ये अठरा.'' ''मग पीठ किती लागले?'' ''किलोला दहा होतात. सव्वाचार किलो घेतले.''

भगिनींनो, बेरीज झाली, भागाकार झाला, अपूर्णांकही झाला. आणि तोही उंबऱ्यात उभ्या उभ्या, कागदाला हात न लावता. तरी ही बाई म्हणते, मी काय शिकवणार! मला तिचे कौतुक वाटले आणि वाईटही वाटले. कारण आपल्यापैकी पुष्कळ जणींची समजूत हिच्यासारखीच आहे. अभ्यास म्हणजे वही, पाटी आणि पाठांतर. तो शाळेत होतो, नाहीतर शिकवणीत. घरात होते ते काम. ही समजूत चुकीची आहे, एवढेच मला आज सांगायचे आहे.

पण दुसऱ्याला उपदेश करण्याआधी माणसाने आपली चूक सांगावी. माझी मुलगी सात वर्षांची असतानाची गोष्ट. दिवसभर शाळेत पन्नास मुलांशी बोलून मी घरी यायची, आणि स्वयंपाकाची घाई असताना तिचा अभ्यास घ्यायची. वजाबाकी चालली होती. बत्तीसातून सतरा वजा. तिने उत्तर लिहिले पंचवीस. मी सांगितले, पुन्हा कर. पुन्हा पंचवीस. तिसऱ्यांदाही पंचवीसच लिहिले, तेव्हा माझा हात उठला. ती रडली नाही. वही मिटून उठून गेली. दुसऱ्या दिवशी वही सापडेना. तीन दिवसांनी ती तांदळाच्या डब्यामागे मिळाली. पोरीने लपवून ठेवली होती.

माझ्या सासूबाई दुसरीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. दुपारी खराटा बांधायला बसल्या आणि नातीला जवळ बोलावले. दहा दहा काड्यांच्या तीन जुड्या दोऱ्याने बांधल्या, दोन काड्या सुट्या ठेवल्या. म्हणाल्या, ''ह्या झाल्या बत्तीस. आता मला सतरा दे बघू.'' पोरीने एक जुडी दिली. आणखी सात द्यायच्या, तर सुट्या दोनच. तिने जुड्यांकडे पाहिले, आजीकडे पाहिले आणि विचारले, ''आजी, दोरा सोडू?'' ''सोड की!'' दोरा सुटला, सात काड्या आजीच्या हातात गेल्या आणि खाली पंधरा उरल्या.

मी दारातून पाहत होते. 'हातचा घेणे' हे शब्द मी वर्गात हजार वेळा उच्चारले असतील. पण हातचा म्हणजे जुडीचा दोरा सोडणे, हे मुलाच्या हाताला कळू द्यावे लागते, ते मला त्या दिवशी कळले. आणि तिचे पंचवीस कुठून येत होते तेही कळले. दोनातून सात जात नाहीत, म्हणून बिचारी सातातून दोन काढत होती. तिचीही एक रीत होती. मी ती विचारलीच नव्हती.

ही मुलगी आता स्वतः आई आहे. मागे एकदा तिला मी काड्यांची आठवण करून दिली. ती म्हणाली, ''आई, काड्या आठवतात. पण चापट आधी आठवते.'' इतक्या वर्षांनी! म्हणून माझी पहिली विनंती ही की, अभ्यासाच्या वेळी मुलावर हात उगारू नये. उत्तर चुकले तर 'चूक' म्हणण्याआधी 'हे तू कसे काढलेस?' एवढे विचारावे. निम्म्या वेळा मूल सांगता सांगताच स्वतः दुरुस्त करते.

घरातल्या वस्तूंनी मुलाला शिकवावे हा विचार काही माझा नव्हे. महाराष्ट्रात तो ज्यांनी रुजवला त्या दोघी बायकाच होत्या, हे आपल्या मंडळात अभिमानाने सांगायला हवे. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम करीत होत्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ साली ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरीबाईंची साधने सुंदर, पण महाग. ती खेड्यात कुठून आणायची? म्हणून या दोघींनी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे यांचीच साधने केली. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. अंगणात जर शाळा भरू शकते, तर आपल्या स्वयंपाकघरात का भरू नये?

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगते. यासाठी पैसा लागत नाही आणि वेगळा वेळही फारसा लागत नाही.

प्रथम मोजणे. मूल सहा-सात वर्षांचे झाले की पाने मांडण्याचे काम त्याच्याकडे द्यावे. आज जेवायला किती माणसे? ताटे किती, वाट्या किती? मावशी आली तर किती वाढवायच्या? भाताला तांदूळ त्याला मोजू द्यावेत. एका वाटीला दोन वाट्या पाणी. मग अडीच वाट्यांना किती? पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे आपल्या भाषेतले शब्द म्हणजे सोन्याची नाणी आहेत. आपल्या आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, दिडकी पाठ केली. ती आता पाठ करावी असे मी म्हणत नाही. पण भाकरीचे चार तुकडे करून तीन ताटात घातले की पाऊण भाकरी झाली, हे मुलाने आपल्या हाताने पाहिले पाहिजे. पुढे शाळेत अपूर्णांक येतो तेव्हा त्याला तो ओळखीचा पाहुणा वाटेल.

मराठी आकड्यांची एक खोच पुष्कळ आयांच्या ध्यानात येत नाही. 'पंचवीस' म्हणताना आपण पाच आधी म्हणतो आणि वीस मागून. लिहिताना मात्र दोन आधी लिहितो. म्हणून मूल पंचवीस ऐकून ५२ लिहिते. ते वेंधळे नसते. ते ऐकले तसेच लिहिते. 'एकोणतीस'मध्ये तीस ऐकू येते, म्हणून ते ३९ लिहून बसते. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची रीत आली तेव्हा केवढा वाद झाला, ते आपल्याला आठवत असेल. वादात मी पडत नाही; पण अडचण खरी होती. घरी तिच्यावर सोपा उपाय आहे. जिना चढताना पायऱ्या मोजाव्यात आणि एकोणतिसाव्या पायरीवर थांबावे. 'तिसाला किती कमी?' 'एक कमी.' एकोण म्हणजे एक उणा. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत ही युक्ती चालते. नव्व्याण्णव मात्र हट्टी आहे. तो तेवढा पाठ करावा!

भिंतीवरची दिनदर्शिका हेही उत्तम पुस्तक आहे. आजच्या तारखेच्या पुढच्या आठवड्यातले घर दाखवावे आणि किती वाढले ते विचारावे. सात. त्याच्या पुढचे? पुन्हा सात. आजीच्या गावी जायला किती दिवस राहिले, दूधवाल्याने या महिन्यात किती दिवस खाडा केला, गॅसची टाकी किती दिवस पुरली, हे मुलाने खुणा करून सांगावे. महिनाअखेरीस दुधाचा हिशेब त्याच्याकडून करवून घ्यावा आणि आपणही करावा. त्याचा बरोबर आणि आपला चुकला, तर त्या दिवशी घरात सण!

दुसरे बोलणे. वाचनाचे मूळ बोलण्यात आहे. ज्याला पुष्कळ शब्द ऐकून ठाऊक असतात त्याला ते वाचताना चटकन उमगतात. भाजी निवडताना खेळ घ्यावा, स्वयंपाकघरात 'प' ने सुरू होणारे काय काय आहे? पातेले, पळी, पोळपाट, पाटा. मग 'त' घ्यावा. अक्षर डोळ्यांना दिसण्याआधी त्याचा आवाज कानात वेगळा ओळखू आला पाहिजे. तो या खेळाने येतो. कोडी घालावीत, भेंड्या खेळाव्यात. रात्री गोष्ट सांगावी आणि मध्येच थांबून विचारावे, 'पुढे काय झाले असेल?'

इथे एक नाजूक गोष्ट सांगते. मूल घरातली बोली बोलते. 'पानी' म्हणते, 'व्हतं' म्हणते. त्याला हसू नये आणि कोणाला हसू देऊ नये. मी अशी मुले पाहिली आहेत की, वर्गात एकदा हशा झाला आणि पोर वर्षभर गप्प बसले. पुस्तकातली भाषा त्याला हळूहळू येते. पण गेलेला धीर लवकर परत येत नाही. तीच गोष्ट इंग्रजी शाळेत मुले घालणाऱ्या आयांची. 'मला इंग्रजी येत नाही, मी त्याच्याशी काय बोलू?' असे म्हणून त्या मुकाट बसतात. असे करू नये. सावली सकाळी लांब आणि दुपारी आखूड का, हे मुलाला मराठीत कळले की ते त्याचे झाले. मग इंग्रजी शब्द फक्त नाव शिकण्यापुरता उरतो. पायरीवर सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी खडूने सावलीची खूण करावी. मटकी भिजवून रोज मोड किती वाढला ते पाहावे. मूल प्रश्न विचारील. उत्तर आले नाही तर 'मलाही ठाऊक नाही, दोघे मिळून पाहू' असे म्हणायला आईने लाजू नये.

तिसरे वाचन आणि लेखन. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर मुलाकडून मीठ, साखर, तूरडाळ, मोहरी अशी नावे लिहवून डब्यांना चिकटवावीत. 'मोहरी'ची 'मोहारी' झाली तर चालेल. चार दिवसांनी तेच येऊन दुरुस्त करील. पहिली वेलांटी ऐकू येते अक्षराच्या मागून आणि लिहायची पुढे, म्हणून मुले 'किती' लिहिताना अडखळतात. तिथे रागावण्यासारखे काही नाही. वाण्याची यादी मुलाने लिहावी, दुकानात त्यानेच ती वाचावी, पन्नासाची नोट त्यानेच द्यावी आणि उरलेले पैसे त्यानेच मोजून घ्यावेत. गावी मामीला पत्र लिहावे. रांगोळीचे ठिपके मुलाला काढू द्यावेत. बोटांना वळण लागते आणि ओळी मोजणेही होते. मुलींनाच नव्हे, मुलांनाही!

आणि ज्या आईला अक्षर येत नाही तिने रोज संध्याकाळी पंधरा मिनिटे मुलाला म्हणावे, 'मला वाचून दाखव.' तिने फक्त ऐकावे, आणि 'म्हणजे काय रे?' असे विचारावे. ऐकणारे माणूस भेटले की मूल वाचते. शिकलेल्या आया ऐकताना सारख्या टोकतात. ही न शिकलेली आई टोकत नाही, हा तिचा गुणच आहे.

हे सारे इतक्या कळकळीने का सांगते? २००५ पासून 'असर' या नावाची देशभरची पाहणी होत आली आहे. खेड्यापाड्यांतल्या पाचवीच्या मुलांपैकी निम्म्याच्या आसपास मुलांना दुसरीच्या पुस्तकातला उतारा सरळ वाचता येत नाही, असे तिच्यात दिसले आहे. २०२० च्या मार्चमध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा तर घरात एक मोबाइल आणि अभ्यासाला तीन मुले, अशी गत झाली. त्या काळात पहिलीत आलेली पुष्कळ मुले फळा न पाहताच वरच्या वर्गात गेली. पुढे २०२१ साली केंद्र सरकारने 'निपुण भारत' अभियान सुरू केले. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि साधे हिशेब यावेत, हे त्याचे ध्येय. ते योग्यच आहे. कारण तिसरीपर्यंत मूल वाचायला शिकते आणि पुढे वाचून शिकते. ज्याचे पहिले राहिले त्याचे दुसरे सुरूच होत नाही. पण हे काम एकट्या शाळेच्या हातून होण्यासारखे नाही.

मात्र घराची शाळा करू नये, हेही बजावून सांगते. मूल पाच-सहा तास शाळेत बसून येते. त्याला आधी खाऊ द्यावे, खेळू द्यावे. घरचा अभ्यास पंधरा-वीस मिनिटांचा पुरे. ते कंटाळले की थांबावे. शेजारच्या मुलाशी तुलना करू नये. दर बरोबर उत्तराला चॉकलेट देऊ नये. काम जमल्याचा आनंद हीच बक्षिसी. मोबाइलवर आकड्यांचे आणि अक्षरांचे खेळ असतात, ते वाईटच असतात असे नाही; पण मोबाइल मुलाच्या हाती देऊन आपण उठून जाऊ नये. त्याला 'हे कसे काढलेस?' असे मायेने विचारणारे माणूस शेजारी हवे.

आणखी एक. सगळे करूनही एखादे मूल आठव्या-नवव्या वर्षी अक्षरे उलटसुलट लिहीत असेल, फळ्यावरचे उतरवत नसेल, तर त्याला 'ढ' म्हणू नये. आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत, बाईंना भेटावे. काही हुशार मुलांनाही वाचन जन्मतःच अवघड जाते. २००७ साली 'तारे जमीन पर' चित्रपट आला तेव्हा हे घरोघर कळले. माझ्या वर्गात अशी मुले त्याआधी होऊन गेली असतील आणि मी त्यांना आळशी म्हटले असेल, याची चुटपुट मला आजही आहे.

आता त्या भाकरीवाल्या बाईंचे काय झाले ते सांगून संपवते. मी तिला म्हटले, ''शिकवणीचे सहाशे रुपये तूर्त राहू देत. एक वही आण आणि तुझा हिशेब पोराकडून लिहवून घे.'' दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी चुलीपाशी बसून ती सांगू लागली आणि तो लिहू लागला. कोणत्या घरी किती, कोणाचे पैसे आले, कोणाचे राहिले. पहिले पंधरा दिवस वहीत खाडाखोडच फार होती. 'डॉक्टर' हा शब्द त्याने चार तऱ्हांनी लिहिला होता. पण दिवाळीच्या आधी त्याने आईला दाखवून दिले की, एका घरच्या आठ भाकरींचे पैसे यायचे राहिले आहेत. ती विसरली होती. वही विसरली नव्हती. ती माउली ती वही घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, ''बाई, माझं नाव कुठं लिहिलंय ते दाखवा.'' पोराने पहिल्या पानावर आईचे नाव लिहिले होते. ते ती आता ओळखते. पोरगा अजून शुद्धलेखनात चुकतो, पाढे म्हणताना बारावर अडखळतो. पण आपल्या लिहिण्याने घरात काहीतरी नीट होते, हे त्याला कळले आहे.

जाता जाता मंडळापुढे एक सूचना ठेवते. आपल्या सभागृहात दर गुरुवारी दुपारी भिशी असते. त्याच दिवशी संध्याकाळी एक तास आळीतली पहिली ते चौथीची मुले इथे बोलवावीत. प्रत्येकीने घरातली दोन जुनी गोष्टींची पुस्तके आणावीत. कोणी काही शिकवायचे नाही. मुलांनी वाचायचे आणि आपण ऐकायचे. चिंचोके आणि खराट्याच्या काड्या मी आणीन, जुड्या बांधायला दोराही आणीन. येत्या गुरुवारी मी येऊन बसते. आपल्यापैकी कोण कोण येणार ते आजच चिटणीसबाईंकडे सांगून जावे.